गुरुवारची घंटी आणि चिंतामणी

"हे चोरीचं आहे का हो?" मी विचारलं.

एवढंच विचारलं. तेही माझ्या नेहमीच्या आवाजात. आमचे हे त्याला 'शेजारच्या खोलीतला पंखा' म्हणतात. चालू आहे हे कळतं, पण काय म्हणतोय ते कळत नाही. तरी गोरक्षच्या दुकानातली तिन्ही गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

गोरक्षचं दुकान दिल्ली गेटच्या अलीकडे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, कॉम्प्युटर दुरुस्ती आणि सगळ्यात खाली 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत' असं लिहिलेलं आहे. ती पाच मिनिटं कोणाच्या घड्याळाची, हे अजून कोणाला कळलेलं नाही. मी माझा लॅपटॉप पिशवीत, आणि पिशवीवर धुतलेला पंचा, असा तिथं घेऊन गेले होते. लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून माझं तुळशीला पाणी, प्रदक्षिणा आणि एक स्तोत्र होऊन जाई. त्या सोमवारपासून तर तो सुरूच होईना.

"चोरीचं कसं काकू?" गोरक्ष हसला. "सगळं नगर हेच वापरतंय. विकतची सिस्टीम कोण टाकतं? मी टाकतो तशी टाकू, संध्याकाळी घेऊन जा."

"विकतची नाही, म्हणजे न विचारता घेतलेली ना?"

"काकू, तुम्ही पोथ्या टाईप करणार की कोर्ट चालवणार?"

यावर एक गिऱ्हाईक हसलं. मी लॅपटॉप पिशवीत घातला, वर पंचा घातला आणि बाहेर पडले. भांडण मला येत नाही, निघून जाणं तेवढं छान येतं.

आता यात हट्ट काय होता ते सांगते, म्हणजे मला उगाच सोवळ्याची समजू नका. माझे नेम साधेच आहेत. सकाळी आंघोळीनंतर आणि चहाआधी एक पान लिहायचं. गुरुवारी दुपारी बारापर्यंत मौन. न विचारता कोणाचं काही घ्यायचं नाही, मग ते शेजारच्यांचं जास्वंदीचं फूल का असेना. चातुर्मास सुरू झाला तेव्हा मी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला होता, की छबूबाईंची एकशेआठ गाणी रोज एक पान याप्रमाणे टाईप करीन आणि तुळशीच्या लग्नाला त्यांच्या हातात पुस्तक देईन. आता देवासमोर पाणी सोडून चोरलेल्या सामानावर नेम कसा चालवायचा? दुसऱ्याच्या अंगणातलं फूल चालत नाही, तर दुसऱ्याची अख्खी सिस्टीम कशी चालेल?

छबूबाई आमच्या मागच्या गल्लीत राहतात. माहेर काष्टीचं, वय शहाऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि पोटात गाण्यांचं कोठार. हळदीची, घाण्याची, तुळशीच्या लग्नाची, सगळी गाणी. अक्षर ओळखत नाहीत. तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना कायमचं सुरतेला नेणार होता. "माजं गानं कागदावर हात लावून बघायचंय मला," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. बस, एवढंच म्हणाल्या होत्या. आणि आमच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षा रंगुबाई ताबडतोब म्हणाल्या होत्या, "कौसल्याबाई, तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई ते. तुमी मोबाईल उचलता तवर समोरचा ठिवून देतो."

म्हणूनही पाणी सोडलं असेल थोडंसं. देवाला सगळं ठाऊकच असतं, तुम्हालाही सांगितलेलं बरं.

तर लॅपटॉप बंद, नेम चालू. मी ह्यांच्या मोबाईलवर एका बोटानं टाईप करायला लागले. त्यात ह्यांचा पाटबंधारे खात्यातल्या निवृत्तांचा ग्रुप. मी 'हळद लावू या नवरीला' असं लिहीत असताना वरून महागाई भत्त्याची पट्टी खाली यायची. बोट चुकून तिच्यावर पडलं, आणि एका सकाळी अख्खं हळदीचं गाणं निवृत्त कार्यकारी अभियंत्यांना गेलं. त्यांनी उत्तरात हात जोडले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

वाट सापडली ती कृपादान सरांच्या घरी. सर आमच्याच कॉलनीत राहतात, शाळेतून निवृत्त झाले, तिथली कॉम्प्युटरची खोली त्यांनी पंधरा वर्षं सांभाळली. बाथरूममध्ये घसरून पाय प्लास्टरमध्ये, म्हणून मी बघायला गेले होते. सरांच्या मिसेस रोझीबाईंनी चहा पुढं केला आणि लगेच मागे घेतला. "अगंबाई, आज तुमचा उपास," म्हणाल्या आणि केळं आणलं. माझे उपास त्यांना माझ्या सुनेपेक्षा जास्त पाठ आहेत.

मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. सर प्लास्टरसकट पुढं सरकले.

"चोरायची गरजच नाही ताई. लिनक्स टाका. ज्यांनी केलं त्यांनीच सांगून ठेवलंय, की घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या, आत काय आहे ते उघडून बघा."

"पैसे?"

"नाहीत."

"मग त्यांना काय मिळतं?"

सरांनी उलट विचारलं, "तुम्ही छबूबाईंची गाणी लिहिताय, तुम्हाला काय मिळतं?"

मला तिथल्या तिथं ती सिस्टीम पटली. अन्नछत्रासारखा प्रकार. पंगतीला बसा, जेवा, आणि जमलं तर वाढायला उठा. सर म्हणाले, त्यातही पुष्कळ प्रकार असतात, तुमच्या जुन्या यंत्राला 'मिंट' बरा. मिंट म्हणजे पुदिना. पुदिना उपासाला चालतो की नाही यावर आमच्या मंडळात दोन तट आहेत, पण तो वाद मी तिथं काढला नाही.

सरांनी स्वतः काही केलं नाही. "तुम्हीच करायचं, मी सांगतो," म्हणाले, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर माझ्याकडूनच एक पेनड्राईव्ह तयार करून घेतला. दुसऱ्या एका पेनड्राईव्हवर माझी आतापर्यंतची गाणी घेतली. ती मी अधूनमधून सरांना मेल करत आले होते, म्हणून वाचली. काय कुठं दाबायचं ते मी पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं.

घरी येऊन लॅपटॉपची पूजा केली. आता नवं काम, पूजा नको? हळद, कुंकू, एक फूल, अक्षता. मग सरांनी सांगितल्याप्रमाणे पेनड्राईव्ह घालायला गेले, तर तो आत जाईना. उलटा केला, जाईना. पुन्हा सुलटा केला. हे चष्मा लावून आले आणि टॉर्च मारून म्हणाले, "आत तांदूळ आहे."

होता. एक अख्खा दाणा, हळद लावलेला, त्या बारीकशा खाचेत आडवा पडला होता. दुसरी खाच आधीपासूनच मोडकी. मी सुई घेतली तर दाणा आणखी आत गेला.

पुन्हा गोरक्ष. पुन्हा पिशवी, पुन्हा पंचा. त्यानं चिमट्यानं दाणा काढला, उजेडात धरला आणि दुकानभर दाखवला. "काकू, उष्टावण केलं का ह्याचं?"

तेच ते गिऱ्हाईक पुन्हा हसलं. हा माणूस तिथं नोकरीला आहे की काय, मला कळेना.

"आणि हे काय टाकताय? लिनक्स?" गोरक्षनं पेनड्राईव्हकडं पाहिलं. "फुकटचं नका टाकू काकू. प्रिंटर चालत नाही, फाईल तुटते, शेवटी माझ्याकडंच येणार तुम्ही."

मी त्याला नमस्कार केला आणि निघाले. तेव्हापासून ते दोन्ही पेनड्राईव्ह मी एका रिकाम्या करंड्यात ठेवते. हळदीच्या खणात सिस्टीम, कुंकवाच्या खणात गाणी, आणि वर घट्ट झाकण.

आता मुहूर्त. रंगुबाईंनी पंचांग पाहून सांगितलं, "परवाच्याला गुरुपुष्य हाय. लई चांगला योग. पन साडेदहाच्या आत." मी हो म्हणून गेले. घरी आल्यावर लक्षात आलं, गुरुपुष्य म्हणजे गुरुवार. गुरुवार म्हणजे मौन. आणि सर पाय वर करून पलंगावर, म्हणजे सगळं फोनवरून होणार. मुहूर्त मोडवत नाही, मौन मोडवत नाही, आणि सरांचा पाय तर आधीच मोडलेला.

ह्यांनीच तोड काढली. माणूस सिंचनातला, पाणी अडलं की चर खणतो. "देवघरातली घंटी घे. एकदा वाजवली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तीनदा म्हणजे समजलं नाही." सरांना तसं फोनवर कळवलं आणि हे पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत निघून गेले. तिथं गेल्या वर्षी ह्यांना, तुम्ही हयात आहात हे अंगठ्यावरून सिद्ध होत नाही, असं सांगितलं होतं, म्हणून या वर्षी लवकर गेले.

मी लॅपटॉप चौरंगावर ठेवला, फोन स्पीकरवर, घंटी उजव्या हाताशी.

"चालू केलात?" सर.

ठण्.

"पडद्यावर हिरवं पान दिसतंय?"

ठण्.

"भाषांची यादी आली?"

ठण्. त्या यादीत मराठी होती. इतक्या परक्या नावांच्या गर्दीत आपलं माणूस दिसावं तशी. मी एक घंटी जास्त वाजवली.

"नाही? दिसत नाही?"

ठण् ठण् ठण्.

"समजलं नाही? काय समजलं नाही?"

असं पंधरा-वीस मिनिटं चाललं. आता बाहेरून याचं कसं दिसत असेल याचा मी विचार केला नव्हता. सकाळी दहाला, गुरुपुष्याच्या दिवशी, एका घरातून सारखी घंटी वाजते. आधी खालच्या मजल्यावरच्या दोघी आल्या, पदर सावरत, हात जोडून. मग मंडळातल्या चौघी. मी तोंडावर बोट ठेवून त्यांना खुणा केल्या, तर त्या मांडी घालून बसल्या. त्यांना वाटलं ध्यान चाललंय. एकीनं नारळ आणला होता, तो तिनं चौरंगावर लॅपटॉपशेजारी ठेवला.

आणि नेमका तेव्हा तो प्रश्न आला.

"ताई, आता नीट ऐका," सर म्हणाले. "आता जुनं सगळं पुसलं जाणार. परत मिळणार नाही. गाणी पेनड्राईव्हवर आहेतच. बाकी ठेवण्यासारखं काही त्यात नाही ना? पुसू? हो असेल तर एकदा, नाही तर दोनदा."

माझा हात घंटीकडं गेला आणि मला आठवलं. ह्यांची फुलं! हे रोज सकाळी निवृत्तांच्या ग्रुपवर 'सुप्रभात'चं एक फूल पाठवतात. तशी चौदाशे चित्रं ह्यांनी पाच वर्षांत जमवून त्या लॅपटॉपात रचून ठेवली होती. ऋतुमानाप्रमाणे वेगवेगळी. मी दोनदा वाजवायला घंटी उचलली.

तेवढ्यात रंगुबाई आल्या. रंगुबाईंना घंटी दिसली की वाजवल्याशिवाय राहवत नाही, देऊळ कोणाचंही असो. माझ्या हातातल्याच घंटीला वरून हात घालून त्यांनी एक सणसणीत टोल दिला.

ठण्.

"छान," सर म्हणाले. "मग दाबा 'आता स्थापित करा'. पुन्हा विचारेल, पुन्हा दाबा."

मी मान हलवली. दोन्ही हात हलवले. नारळाकडं बोट दाखवलं, का ते मलाही माहीत नाही.

"अवो सर म्हंत्यात दाबा, तर दाबा की!" रंगुबाई पुढं सरल्या. "कुटं दाबायचं? हितं? ह्ये बगा, दाबलं." आणि पुन्हा विचारल्यावर त्यांनी पुन्हा दाबलं. एरवी त्यांना कळफलकावरचं कुठलं बटण कशाचं हे ठाऊक नाही, त्या दिवशी बरोबर सापडलं.

चौदाशे फुलं गेली आणि मला 'थांबा' म्हणता आलं नाही. मी देवाकडं पाहिलं. देवानंही मौन पाळलं.

पुढं काय होणार, झालं ते झालं. पट्टी सरकायला लागली. मग यंत्रानं विचारलं, तुम्ही कुठं राहता, आणि स्वतःच उत्तर दिलं: कोलकाता. मी घाबरून तीनदा वाजवली.

"ते तसंच असतं ताई," सर म्हणाले. "सगळ्या भारताचं घड्याळ तिथल्या नावावर आहे."

"कलकत्त्याला कोन चाललंय?" रंगुबाई.

नगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा, दोन्ही नावांना आम्ही ओ देतो. पण कोलकाता! घशाशी आलेले शब्द मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळले आणि पुढचं बटण दाबलं.

"आता कॉम्प्युटरला नाव द्यायचंय," सर म्हणाले.

सगळ्या बायका एकदम ताठ बसल्या. नाव ठेवायचं म्हणजे बारसं! इतका वेळ कशाला बोलावलंय ते त्यांना कळत नव्हतं, ते आता कळलं. कोणी म्हणे पुष्य नक्षत्रावरचा आहे, अक्षर बघून ठेवा. कोणी म्हणे गजानन. खालच्या मजल्यावरची म्हणाली, मुलगी असेल तर? रंगुबाईंनी अध्यक्षपदाचा अधिकार वापरून "चिंतामनी!" असं जाहीर केलं, लॅपटॉपच्या बिजागरीजवळ तोंड नेऊन तीनदा कुर्रर्र केलं, आणि माझ्या पाठीत रीतीप्रमाणे धपाटे पडले. नारळ फुटला. सर पलीकडून विचारत होते, "ताई? ताई, तो आवाज कसला? काही फुटलं का?"

ठण्, मी वाजवलं. खोटं कशाला बोला.

बाराला दहा कमी असताना चिंतामणी उभा राहिला. बटण दाबल्यापासून स्वच्छ पडदा येईपर्यंत मी मोजलं, एक छोटी आरतीही पुरी झाली नाही. पूर्वी अख्खं स्तोत्र होत असे.

ह्यांना मी बारा वाजता सांगितलं. मौन सुटल्यावरचं माझं पहिलं वाक्य, "तुमची फुलं गेली." हे नुकतेच बँकेतून हयात ठरून आले होते. खुर्चीत बसले. चष्मा पुसला आणि म्हणाले, "गुलाबाचीही?" दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपला काय पाठवायचं म्हणून ह्यांनी आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीचा फोटो काढला. ताजा, दवासकट. त्याला सत्तावन्न अंगठे आले. चौदाशे फुलांत मिळून आले नव्हते तेवढे. त्यानंतर हे मला स्वतःहून चहा करून देऊ लागले, अर्थात पान लिहून झाल्यावर.

शिकणं मात्र त्यानंतर सुरू झालं. सांगते एकेक. मराठी कळफलक बसवला, तर 'क' शोधायला पाच मिनिटं. मी सगळ्या बटणांवर टिकल्यांच्या पाकिटातल्या छोट्या टिकल्या लावल्या आणि त्यांवर पेनानं अक्षरं लिहिली. ऑक्टोबरच्या उकाड्यात बोटांच्या घामानं 'म' माझ्या करंगळीला चिकटून स्वयंपाकघरात गेला आणि भाकरीत सापडला. एकदा एक काळी खिडकी उघडली आणि तिनं संकेतशब्द मागितला. मी टाईप करते आहे, आणि पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही. ना अक्षर, ना टिंब. मी तीनदा बंद करून तीनदा उघडलं. मग सरांना फोन.

"ते घेतंय ताई. दाखवत नाही फक्त."

मी तिकडं नव्या नजरेनं पाहिलं. सगळं ऐकतं, मनात ठेवतं, आणि चकार शब्द काढत नाही. मला त्या काळ्या खिडकीविषयी फार आदर वाटायला लागला. आठवड्यातला एकच दिवस मी जे कसंबसं करते, ते ती रोज करत होती.

छबूबाई सकाळी काठी टेकत यायच्या, चौरंगापाशी बसायच्या आणि गायच्या. मी टाईप करायची. टकटक थांबली की त्या विचारायच्या, "आडला का गं तुजा चिंतामनी?" मी म्हणायची, तो नाही, मी अडले. मागे पडलेली पानं मी रोज दोन-दोन करून भरून काढली. कार्तिकी एकादशीला एकशेआठवं पान झालं. चौरंगापुढं मी दिवा लावला. अक्षता बाजूला ठेवून, नुसता दिवा.

आता छपाई. नगरमध्ये दुकानं पुष्कळ आहेत. पण लग्नसराईच्या तोंडावर एका दिवसात काम करून द्या म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले. राहिला गोरक्ष.

"उद्या सकाळी या," त्यानं फाईलकडं न बघताच सांगितलं. "पण तुमच्या फुकटच्या सिस्टीमची फाईल आहे. तुटली तर माझी जबाबदारी नाही."

मी म्हटलं, पीडीएफ आहे, अक्षरं आतच बसवलेली आहेत, तुटणार नाही. मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं आणि जरा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी द्वादशी, संध्याकाळी तुळशीचं लग्न. आणि वार गुरुवार. माझं नशीब कॅलेंडरवाल्यांशी संगनमत करून असतं.

मी नऊला दुकानात पोचले तर बाहेर गर्दी. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, आणि पत्रिका सगळ्यांना त्याच सकाळी हव्या असतात. आत गोरक्ष घामाघूम. कॉम्प्युटरवर इंग्रजीत दोन ओळी आणि त्यांच्याखाली गोल गोल फिरणारं एक वर्तुळ. कोणीतरी स्थळाचा बायोडाटा घेऊन आलं होतं, त्याच्या पेनड्राईव्हमधून काय शिरलं कोण जाणे, तेव्हापासून हे वर्तुळ.

"काकू, आज काही होत नाही," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "सिस्टीम गेलीय. नवी सिस्टीम आणणारा पुण्याहून संध्याकाळी येणार. उद्या या."

उद्या छबूबाई सुरतेच्या गाडीत.

मी बोलू शकत नव्हते. पण खरं सांगते, बोलता येत असतं तर मी 'बरं' म्हणून घरी गेले असते. आयुष्यभर तेच केलं. बोलता येत नव्हतं म्हणूनच मी उभी राहिले. काउंटरवर बोलवायची ती छोटी पितळी घंटी होती, तिच्यावर मी तळहात मारला.

ठण्.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काउंटरची फळी उचलून आत गेले. पिशवीतून करंडा काढला, हळदीच्या खणातून पेनड्राईव्ह काढला, खाच आधी टॉर्चनं तपासली आणि घातला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं ते बटण धरून ठेवलं.

"काकू, काय करताय? माझ्या पत्रिका आहेत त्यात! पुसलं जाईल सगळं!"

ठण् ठण्. नाही. पुसायचं नव्हतंच. ती सिस्टीम पेनड्राईव्हवरूनच पाहुण्यासारखी चालते, घरातल्या कशाला हात लावत नाही, हे सरांनी मला शिकवलं होतं. चौदाशे फुलं गमावलेली बाई आता पुसण्याच्या बाबतीत फार सावध असते.

हिरवं पान आलं. मग स्वच्छ पडदा. कुंकवाच्या खणातून दुसरा पेनड्राईव्ह. त्या सिस्टीमनं गोरक्षचा प्रिंटर स्वतःहून ओळखला, नावानिशी. मी फाईल उघडली, दुतर्फा, दोन पानं एका बाजूस, आणि बटण दाबलं.

प्रिंटर खोकला. थांबला. मग पहिला कागद सरसरत बाहेर आला. त्यावर होतं:

तुळशीच्या दारी बाई, उसाचं मखर
भाऊ आला नगराहून, त्याच्या हाती साखर

एकही काना तुटलेला नव्हता. गोरक्षनं कागद उजेडात धरला, त्या दिवशी तांदळाचा दाणा धरला होता तसाच. आणि हो, तेच ते गिऱ्हाईक होतंच. ते हसलं नाही. "काकू, माझी पण पत्रिका निघेल का हो यातून?" म्हणालं.

ठण्.

सत्तावीस कागदांची एक प्रत निघाली, त्यावरून झेरॉक्सच्या यंत्रानं आणखी वीस काढल्या. त्या सगळ्या वेळात मी गोरक्षच्या खुर्चीवर बसून लोकांच्या पत्रिका छापत होते, कारण त्यांच्या फाईली त्यांच्या मोबाईलमध्ये होत्याच. लोक विचारत, मी घंटी वाजवत होते. गोरक्ष पुस्तकांना टाचण्या मारत होता. अकरापर्यंत गर्दी ओसरली आणि गोरक्षनं स्वतःच्या हातानं मला पाणी दिलं.

बारा वाजले तेव्हा तो काउंटरवर कोपरं टेकून उभा होता. आवाज खाली आणून, जवळपास माझ्याइतका, त्यानं विचारलं, "काकू, हे मलाही टाकून द्याल का? म्हणजे... हे चोरीचं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "घ्या, वापरा आणि दुसऱ्याला द्या. आधी तुमच्या पत्रिका दुसरीकडं काढून ठेवा मात्र."

"आणि पूजा?"

"करा की. अक्षता लांबून टाका."

संध्याकाळी आमच्या गच्चीवर तुळशीचं लग्न लागलं. उसाचा मांडव, चिंचा-आवळे, आणि कॉलनीतलं सगळं माणूस. कृपादान सर काठी घेऊन आले, रोझीबाई फुलांचा गजरा घेऊन आल्या. मी पुस्तक छबूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी आधी वास घेतला. मग एकेक पान बोटांनी चाचपलं, पापड वाळला की नाही बघतात तसं. एकशेआठही पानं. आम्ही सगळे उभे. भटजी घड्याळ बघत होते, पण त्यांचीही बोलायची हिंमत झाली नाही.

"सगळं हाय," छबूबाई शेवटी म्हणाल्या. रंगुबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बटान मीच दाबलं हुतं म्हनलं! नायतर ह्या बाई बसल्या हुत्या नारळाकडं बोट करून."

हे मात्र खरं होतं. मी कबूल केलं.

"पन एक ऱ्हायलं," छबूबाई म्हणाल्या. "आजच सुचलंय. लिव्हती का?"

मुहूर्ताला चार मिनिटं होती. ह्यांनी धावत जाऊन चिंतामणी आणला आणि माझ्यासमोर पाटावर ठेवला. एक छोटी आरती होण्याआधी तो तयार होता. छबूबाईंनी डोळे मिटले.

मुकी माजी सई बाई, घंटीसंगं बोलं
छबूच्या गं गान्यासाटी, कागदाचं दार खोलं

भटजींनी सावधान म्हटलं. चहूबाजूंनी अक्षता पडायला लागल्या. मी डावा तळहात पेनड्राईव्हच्या खाचेवर घट्ट ठेवला, आणि उजव्या हातानं एकशेनववं पान लिहीत राहिले.